सब्रह्मचारी कीं प्रतिस्पर्धी?

सांगलीहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. घर एकत्र आहे; तीन भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें आणि ऐंशी ओलांडलेल्या मातोश्री. थोरल्या भावाचा मुलगा आणि मधल्याची मुलगी, हीं चुलत भावंडें यंदा एकाच परीक्षेस बसत आहेत. व्यवस्थापनशास्त्राच्या मोठ्या शिक्षणसंस्थांत प्रवेश देणारी 'कॅट' ती हीच. मुलगी चार सोबत्यांबरोबर अभ्यास करण्यास विश्रामबागेंत जाते. मुलगा घरींच बसतो, आणि अलीकडे आपली वही कपाटांत कुलूप लावून ठेवतो. पत्रलेखक हे दोघांचे धाकटे काका. ते विचारतात, "ज्यांच्याशीं स्पर्धा करावयाची, त्यांनाच आपला अभ्यास वांटून देणें हें शहाणपण कीं भाबडेपण? आणि घरांतल्या घरांत कुलूप लागलें, त्याला आम्हीं काय म्हणावें?"

आमचें स्वतःचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, आणि पुढें जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. तेव्हां व्यवस्थापनशास्त्राविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याचा आव आम्ही आणणार नाहीं. परंतु परीक्षा आणि परीक्षार्थी या दोहोंशीं आमचा संबंध फार जुना. शिवाय मागील दोन वर्षें साताऱ्यास शनिवार पेठेंतील आमच्या माडीवर याच परीक्षेची तयारी करणारा पांच जणांचा मेळा जमत असे. त्यांचें बोलणें कानांवर पडून जें कळलें, त्याच्या बळावर हें उत्तर लिहीत आहों.

प्रथम वडीलधाऱ्यांसाठीं थोडी माहिती. या संस्थांपैकीं पहिल्या दोन, कलकत्ता व अहमदाबाद येथील, १९६१ सालीं निघाल्या. महाराष्ट्रांत पहिली नागपुरास २०१५ सालीं आली. मुंबईस पवई येथें १९६३ पासून चालत आलेली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ सालीं याच मालिकेंत सामील झाली. कॅट ही परीक्षा दर वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस संगणकावर होते. इंग्रजी वाचन, कोष्टकें व तर्क, आणि गणित असे तिचे तीन भाग. प्रत्येकास चाळीस मिनिटें, आणि एका भागांतून दुसऱ्यांत मधेंच जातां येत नाहीं. २०२४ सालीं एकंदर ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नाचें उत्तर चुकल्यास एक गुण वजा. प्रवेशाचा विचार टक्क्यांवर होत नसून 'पर्सेंटाइल'वर होतो, म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकीं किती जण आपल्या मागें राहिले त्यावर.

भीतीचें मूळ या शेवटच्या गोष्टींत आहे. दुसरा मागें राहण्यावर जर आपलें यश अवलंबून, तर दुसऱ्याला पुढें कां ढकलावें? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचें उत्तरही गणितानेंच देऊं. २०२४ च्या कॅटला सुमारें २ लाख ९३ हजार परीक्षार्थी बसले. समजा, आपण शिकविल्यामुळें आपले पांचही सोबती आपल्या पुढें गेले. आपला क्रमांक पांचांनीं घसरला. २ लाख ९३ हजारांत पांच म्हणजे शंभरांत ०.००१७. गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल दोनच दशांश स्थळांपर्यंत असतो. म्हणजे सोबत्यांना शिकविल्याचें जें नुकसान, तें कागदावर बहुधा उमटतही नाहीं. उलट त्यांच्यापासून शिकून एक प्रश्न अधिक सुटला, तर तीन गुण पदरांत पडतात. आणि एवढ्या गर्दींत तीन गुणांनीं हजारों माणसें मागेंपुढें होतात. कुलुपांतल्या वहीचा व्यवहार हा असा आतबट्ट्याचा आहे.

एका प्रसिद्ध सुभाषितांत विद्येचे चार पाद सांगितले आहेत. एक आचार्यांपासून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सब्रह्मचाऱ्यांकडून, म्हणजे बरोबर शिकणाऱ्यांकडून, आणि उरलेला एक कालेंकरून. आजचीं घरें पहिल्या पादासाठीं पुण्याच्या शिकवण्यांना मोठाल्या रकमा मोजतात. दुसऱ्यासाठीं मुलाला बोल लावतात. चौथ्यासाठीं कोणाला धीर नसतो. तिसरा तेवढा फुकट मिळतो, आणि कुलूप नेमकें त्यालाच!

परंतु एकत्र बसणें म्हणजे एकत्र अभ्यास नव्हे, हेंही तितकेंच खरें. आमच्या माडीवर पहिला महिना चहाची किटली रिकामी करण्यापलीकडे फारसें कांहीं झालें नाहीं. पुढें सराव-परीक्षा, मुलें ज्यांना 'मॉक' म्हणतात त्या, सुरू झाल्यावर जो तो आल्याआल्या आपले गुण सांगूं लागला. एका मुलीला दोन वेळां कमी गुण पडले. तिसऱ्या वेळीं ती आलीच नाहीं. तिला बोलावण्यास गेलेल्या मुलानें परत येऊन एक नियम घातला. गुण सांगण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली एक चूक सांगावयाची, आणि ती कां झाली तेंही. त्या दिवसापासून माडीचें रूप पालटलें. एक म्हणाला, "रीत येत होती, पण प्रश्न अर्धाच वाचून उत्तर दिलें." ती मुलगी म्हणाली, "एकाच कोष्टकावर सोळा मिनिटें घालविलीं. सोडून द्यावयास मन होईना." हें ऐकतांच बाकीचे एकमेकांकडे पाहूं लागले, कारण तीच चूक तिघांनीं केली होती आणि कोणाला तिचें नांव ठाऊक नव्हतें.

मराठी माध्यमांतून आलेलीं मुलें इंग्रजी उताऱ्यांपाशीं अडखळत. येथें आमच्या जुन्या धंद्याचा थोडा उपयोग झाला. कालिदासाचा श्लोक शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस प्रथम क्रियापद शोधावयास लावीत असूं, मग कर्ता, मग विशेषणें ज्याचीं त्याला जोडावयाचीं. यालाच अन्वय लावणें म्हणतात. मुलांनीं तीच रीत इंग्रजी वाक्यांस लावली. एकानें परिच्छेद वाचावा, दुसऱ्यानें त्याचा अर्थ एका मराठी वाक्यांत सांगावा, आणि त्यांत काय सुटलें तें तिसऱ्यानें दाखवावें. हें काम एकट्याच्यानें होत नाहीं; आपण काय वगळलें, हें आपल्याला कळत नसतें. गणितांत शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग यांचा भरणा असतो. कॅटच्या पडद्यावर गणकयंत्र असतें खरें, तरी पावकी, निमकी, दीडकी ज्याला तोंडपाठ, त्याचा वेळ वांचतो. मातोश्रींना हे पाढे येत असतील, तर नातवंडांनीं ते त्यांच्यापासून अवश्य घ्यावेत.

वेळ लावून संपूर्ण परीक्षा देण्याचें काम मात्र एकट्यानेंच करावें. दार लावून, फोन दुसऱ्या खोलींत ठेवून. परीक्षागृहांत सोबती नसतो, तेव्हां त्या दोन तासांत तो घरींही नको. चुकांची झडती दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून घ्यावी. ज्यांना कॅटबरोबर राज्याची सीईटीही द्यावयाची आहे, त्यांनीं तर ही झडती टाळूंच नये. २०२४ सालीं सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नास पाऊण मिनिट. आणि चुकीला दंड नव्हता. कॅटमध्यें प्रश्न सोडून देण्याचें धैर्य लागतें, तर दंड नसलेल्या परीक्षेंत एकही उत्तर कोरें ठेवणें हा शुद्ध तोटा. एकीची संवय मुलें नकळत दुसरींत नेतात, आणि तें सोबत्याच्या चटकन् लक्षांत येतें.

सोबती कोण निवडावे? नात्यागोत्यांतले, आपल्याच ज्ञातीचे, असा विचार कांहीं घरांतून अजून होतो. सातारकरास तरी तो सुचूं नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं येथें वसतिगृह काढलें, त्यांत नाना जातींचीं मुलें एकत्र राहात, एकत्र जेवीत आणि एकत्र शिकत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. आमच्या माडीवर कोरेगांवकडील एक शेतकऱ्याचा मुलगा येई. कोष्टकें वाचण्यांत त्याचा हात कोणी धरीत नसे, कारण लहानपणापासून घरच्या उसाच्या वजनाच्या पावत्या आणि कारखान्याचा हिशेब तोच ताडून पाहात असे. अशी विद्या आपल्या घरांत नसते. ती दुसऱ्याच्या घरांतूनच यावी लागते.

लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. तिच्या तयारीस ओळखीचीं माणसें फार उपयोगी पडत नाहींत. तीं भीड धरतात. म्हणून आमची सूचना अशी कीं, सांगलीच्या मुलांनीं साताऱ्याच्या मुलांची मुलाखत घ्यावी, आणि सातारकरांनीं सांगलीकरांची. दोन्ही गांवें एकाच लोहमार्गावर आहेत आणि एकाच कृष्णेच्या आधारानें वाढलीं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीचें काय मर्म, हरिपुरास जमिनीखालच्या पेवांत हळद कां सांठवीत, हें सांगलीच्या मुलाला सांगतां आलें नाहीं, तर व्यवस्थापनाच्या गोष्टी त्यानें कशाच्या आधारावर कराव्यात?

आतां घराविषयीं. कुलूप मुलानें लावलें खरें. पण त्याची किल्ली बहुधा वडीलधाऱ्यांनींच दिलेली असते. पंगतींत 'ताईला किती, दादाला किती' असें विचारलें जात असेल, तर तें आजपासून बंद व्हावें. मुलीनें पानें मांडून, आवराआवर करून मग पुस्तक उघडावें आणि मुलाला चहा खोलींत पोंचावा, अशी वांटणी असेल तर तीही थांबावी. एकाच परीक्षेस बसणाऱ्या दोघांना एकच वेळ मिळाला पाहिजे. निकाल दोघांचा एकाच दिवशीं लागेल. एकाला बोलावणें येईल आणि दुसऱ्याला येणार नाहीं, असाही संभव आहे. त्या सायंकाळीं हीं भावंडें एकमेकांशीं कशीं बोलतील, हें आजच्या वागणुकीवर ठरत आहे. परीक्षा पुन्हां देतां येते. भावंडें पुन्हां मिळत नाहींत. अध्ययनाच्या आरंभीं गुरुशिष्य जो शांतिपाठ म्हणतात, त्यांतील शेवटची मागणी यशाची नाहीं. परस्परांत द्वेष नसावा, एवढीच आहे.

आमच्या माडीवरील पांचांपैकीं दोघांना कॅटच्या बळावर प्रवेश मिळाला, ती मुलगी सीईटीनें मुंबईस गेली, एकानें नोकरी धरली. कोरेगांवचा मुलगा यंदा पुन्हां बसत आहे. गेलेल्या तिघांच्या वह्या त्याच्यापाशीं आहेत, आणि दर रविवारीं त्यांच्यापैकीं कोणी ना कोणी फोनवर त्याच्या चुका ऐकून घेतो.

काकांनीं पुतण्यास कुलुपाबद्दल रागें भरूं नये. वरचा पांच जणांचा हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढें ठेवावा. गणित त्याला आपल्याहून चांगलें येतें.