'लागणे' कळले की 'इज' कळले

मुले इंग्रजी माध्यमात, आई मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेली. असे चित्र आपल्या बऱ्याच घरांत असते. रात्री वही उघडली की लिंकिंग व्हर्ब, हेल्पिंग व्हर्ब आणि ॲक्शन व्हर्ब असे तीन रकाने समोर येतात. मग अम्मी म्हणते, "बेटा, हे मला नाही येत. टीचरनाच विचार."

भगिनींनो, हे तुम्हाला येते. ही तीन वाक्ये पाहा: खीर गोड लागते. पायाला दगड लागला. पाऊस पडू लागला.

शब्द एकच, कामे तीन. पहिला 'लागते' खीर आणि गोडी यांना जोडतो, तो लिंकिंग. दुसऱ्यात प्रत्यक्ष काही घडले, तो ॲक्शन. तिसरा 'पडणे' या मुख्य क्रियेला हात देतो, तो हेल्पिंग. इंग्रजीतही असेच आहे. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करू नका, वाक्यात शब्द कोणते काम करतो ते विचारा.

पहिला प्रश्न : पुढे मुख्य क्रियापद आहे का? 'सारा इज रीडिंग' यात रीडिंग मुख्य आहे, म्हणून इज हेल्पिंग. 'सारा इज अ डॉक्टर' यात पुढे क्रियापदच नाही. इथे इज लिंकिंग.

दुसरा प्रश्न : त्या जागी 'इज' ठेवून अर्थ टिकतो का? 'द सूप टेस्ट्स गुड' याचे 'द सूप इज गुड' चालते, म्हणून टेस्ट्स लिंकिंग. 'अम्मी टेस्ट्स द सूप' याचे 'अम्मी इज द सूप' करून पाहा. अम्मी म्हणजेच सूप! मुले हसतील आणि विसरणार नाहीत. इथे टेस्ट्स ॲक्शन आहे.

हा भेद केवळ गुणांसाठी नाही. आपली मुले मुलाखतीतसुद्धा 'आय ॲम ॲग्री' म्हणून जातात. कारण मनात 'मी सहमत आहे' असते. मराठीत 'सहमत' हे विशेषण, त्याला 'आहे' लागते. इंग्रजीत ॲग्री स्वतःच क्रियापद आहे, त्याला ॲमची गरज नाही. 'आय ॲग्री' एवढेच पुरे. तसेच लिंकिंगनंतर विशेषण येते, म्हणून 'शी लुक्स हॅपी' बरोबर, 'हॅपिली' चूक.

आता घरचा अभ्यास. 'द मिल्क टर्न्ड सावर', 'अब्बू टर्न्ड द की', 'द व्हील वॉज टर्निंग'. पहिल्या दोन वाक्यांत टर्न्डचे आणि तिसऱ्यात वॉजचे काम ओळखा. आज जेवणानंतर मुलांना जवळ बसवा आणि दोन्ही प्रश्न त्यांनाच विचारू द्या. उत्तरे पुढच्या अंकात पाहू.