द्वाड मुले आणि शाळेचा दाखला

कोवळ्या वयाचा गुन्हेगार हा डांबून ठेवण्याचा नसून घडवून घेण्याचा असतो, हे तत्त्व १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्याने मान्य केले. आमच्या नाशकातील किशोर सुधारालय हे त्याच विचाराचे फळ होय. विचार उदार आहे. परंतु मुलगा त्या दारापर्यंत येईतो आपण सारे काय करीत होतो?

सततची मारामारी, चोरी, मुक्या जनावरांचा छळ, घरातून पळून जाणे हे महिनोन्‌महिने चालू राहिले, तर तो नुसता द्वाडपणा नव्हे. वैद्यकशास्त्र त्यास वर्तनविकार म्हणते. त्याच्या मुळाशी कित्येकदा अतिचंचलता, वाचनातील अडचण किंवा घरात बसणारा मार असतो. ते मूळ शोधणे ही उपचाराची पहिली पायरी.

दुसरी पायरी आईबापांचे शिक्षण. मोजके नियम, चांगल्या वागणुकीची तत्काळ दखल आणि हात न उगारता पाळलेली शिस्त, हे लहान वयात सर्वांत गुणकारी ठरते. मोठ्या मुलांना संताप आवरण्याचे शिक्षण द्यावे लागते आणि घर, शाळा व सोबती या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी लक्ष घालावे लागते. अतिचंचलतेवर औषधे आहेत. तीव्र आक्रमकतेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ औषध देता येते. परंतु द्वाडपणा घालविणारी गोळी नाही. धाकाचाही उपयोग नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून भेदरविण्याचे प्रयोग झाले. पुढील तपासणीत त्या मुलांचे गुन्हे घटण्याऐवजी वाढल्याचेच आढळले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईतो मुलास शाळेतून काढता येत नाही. १७ वे कलम मारहाणीस व मानसिक छळास मनाई करते. तरीही पालकांना बोलावून ‘समजुतीने दाखला न्या’ असे सुचविण्याची वाट उरतेच. शाळेची डोकेदुखी त्याने संपते. मुलाचा विकार त्याच्याबरोबर रस्त्यावर जातो.

आमची मागणी साधी आहे. दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी त्या मुलाची मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करवावी व पालकांस त्याची वाट दाखवावी. महापालिकेने आपल्या शाळांसाठी समुपदेशक नेमावेत. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा. सुधारालयाच्या भिंती बांधण्याहून हा खर्च खचितच थोडा आहे.