प्रयोगवहीतली मराठी

अकरावीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या की पहिल्या दोन वाचल्यावर उरलेल्या वाचण्याची गरज राहत नाही. तीच वाक्ये, तोच क्रम. कधी कधी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच! गेल्या वर्षीची कोणाची तरी वही हातोहात फिरलेली असते. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा. लिहिणे हे मराठीच्या तासाचे काम, विज्ञानाच्या तासाला उत्तर बरोबर आले की झाले, अशी समजूत आपणा शिक्षकांनीच करून दिली आहे. मला ती मुळीच मान्य नाही.

मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१२ साली त्याने हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे सविस्तर लिहून काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीला लागला. तरीही १८१८ मध्ये काही मित्रांबरोबर त्याने एक छोटे मंडळ काढले. निबंध लिहायचे आणि एकमेकांचे वाचायचे, एवढाच उद्योग. परीक्षा कसलीच नव्हती!

आता त्याच्या रोजनिशीतली २९ ऑगस्ट १८३१ ची नोंद पाहा. सहा इंच बाह्य व्यासाचे लोखंडी कडे. एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला निराळे वेढे. या दुसऱ्या वेढ्यांची तार सुमारे तीन फुटांवरच्या चुंबकसूचीवरून नेलेली. पहिले वेढे बॅटरीला जोडताच सूची हलली, डोलली आणि मूळ जागी येऊन थांबली. जोडणी तोडताच पुन्हा हलली. काय जोडले आणि काय दिसले, एवढेच लिहिले आहे. 'मूळ जागी येऊन थांबली' हे त्याने गाळले असते तर? प्रवाह सुरू होताना व बंद होतानाच परिणाम घडतो, ही सारी मेख तिथेच आहे. पुढे या रोजनिशीतील परिच्छेदांचे क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले.

आणि आपल्या वहीत? 'लंबकाचा दोलनकाल काढण्यात आला.' लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली की मध्यापर्यंत? दोलने किती? 'लांबी मध्यापर्यंत १ मीटर. २० दोलनांना ४०.२ सेकंद, दुसऱ्या खेपेस ४०.६, तेव्हा पंखा चालू होता.' ही मराठी कोणी बाळबोध म्हणेल. पण पंख्याकडे लक्ष गेलेला विद्यार्थी मला हवा आहे.

शिक्षकांनी एक करून पाहावे. एकाने लिहिलेली कृती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि तेवढ्यावरूनच प्रयोग करायला सांगावे. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही. काय लिहायचे राहिले ते दोन मिनिटांत कळते आणि लिहिणारा आपणहून पेन शोधू लागतो! वेळ पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. मग दोन-चार प्रयोग कमी करा; पण झालेले प्रयोग मुलांच्या स्वतःच्या शब्दांत येऊ द्या. आणि वहीवर लाल शाईने 'छान' असा शेरा देण्याऐवजी 'म्हणजे किती?' असे विचारा.