मेल्याचं नाटक, विम्याचे कोटी आणि आजऱ्यातली जळालेली गाडी

एखादा प्रसिद्ध कलाकार अचानक गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी श्रद्धांजलीचे स्टेटस. दुसऱ्या दिवशी, 'शेवटची पोस्ट नीट बघा, त्यात हिंट होती'. आणि आठवडाभरात कुणीतरी रील टाकतंच, 'तो मेलेला नाहीच, विम्याचे पैसे घेऊन परदेशात सेटल झालाय'. खाली निम्मे लोक हसतात, निम्मे खरंच विचारात पडतात.

हे काही आजचं नाही. अमेरिकेचा गायक एल्विस प्रेस्ली १९७७ मध्ये गेला, तरी तो कुठे ना कुठे दिसल्याच्या बातम्या पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या. त्याच्या थडग्यावर मधल्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, म्हणजे तो जिवंत आहे, असं सांगणारे चाहते आजही सापडतात. टुपाक १९९६ मध्ये गेला आणि मायकल जॅक्सन २००९ मध्ये. दोघांबद्दलही हेच.

आपण मराठी माणसांनी याला हसायचं कारण नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवराव भाऊ पडले, पण ते पडले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानलं नाही. त्या सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या. लोकांच्या मनातही शंका होती, आणि त्याच शंकेवर एक माणूस 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणात इतकी माणसं जमवली की पेशवाईला त्याच्यावर फौज पाठवावी लागली. शेवटी पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. आपल्याकडे 'तोतया' म्हटलं की तोच आठवतो.

थोडक्यात, मृतदेह डोळ्यांनी पाहिला नाही की माणसाचं मन गोष्ट रचायला लागतं. पण या गोष्टीत विमा आला की प्रकरण बदलतं. कारण विमा कंपनीला गोष्ट चालत नाही, तिला मृतदेह लागतो.

पूनम पांडेचा एक दिवस

आपल्याकडे सेलिब्रिटीने खरोखर मेल्याचं नाटक केल्याचं ठळक उदाहरण म्हणजे पूनम पांडे. २ फेब्रुवारी २०२४ ला तिच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट आली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने तिचं निधन झालं म्हणून. मोठमोठ्या माध्यमांनी बातमी चालवली. पण काही तासांतच प्रश्न सुरू झाले. अंत्यसंस्कार कुठे? हॉस्पिटल कोणतं? दुसऱ्या दिवशी ती स्वतः व्हिडिओत आली आणि म्हणाली, मी जिवंत आहे, हे जनजागृतीसाठी केलं. लोक भडकले. आमदार सत्यजीत तांबे यांनी मुंबई पोलिसांकडे कारवाईची मागणी केली, मोहिमेमागच्या एजन्सीने माफी मागितली.

म्हणजे कोट्यवधी लोक ओळखतात अशा बाईला मेलेलं राहणं जेमतेम एक दिवस जमलं. तेही कुणाकडून एक रुपयाचा क्लेम मागितलेला नसताना.

आता तुम्ही म्हणाल, ती पब्लिसिटी होती, पैशासाठी करणारा नीट प्लॅन करेल. बरोबर आहे. पैशासाठी करणाऱ्यांनी नीट प्लॅन केलेला आहे. तो कसा असतो हे बघायला मुंबईला जायची गरज नाही, कोल्हापूर जिल्हाच पुरे.

आजऱ्यात काय झालं होतं?

२०१६ सालची गोष्ट. आजरा तालुक्यात एक गाडी जळालेल्या अवस्थेत सापडली. आत ओळखू न येण्याइतका जळालेला मृतदेह. गाडी होती एका स्थानिक बांधकाम व्यावसायिकाची, त्यामुळे मेलेला तोच, असं आधी सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे घाटातले अपघात नवे नाहीत. पण तपास पुढे गेला आणि पोलिसांना वेगळंच दिसलं. व्यावसायिक जिवंत होता. तो कर्जात बुडाला होता आणि त्याच्या नावावर कोट्यवधींचा विमा होता. गाडीत जळालेला माणूस होता कर्नाटकातून पोटासाठी आलेला एक मजूर.

'स्वतःच्या मृत्यूचा बनाव' असे मथळे तेव्हा छापून आले. बनाव हा शब्द ऐकला की कुणीतरी वेष बदलून पळाल्यासारखं वाटतं. पण ती सरळ सरळ खुनाची केस होती. ज्याचा खून झाला तो बातमीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत आला, कारण मथळ्यात बसावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. ना विमा, ना गाडी.

नागरीच्या पेटीतून आलेला मृत्यू

याच प्रकारातली दुसरी केस ऐकून तर सिनेमावाल्यांनीही हात टेकावेत. ठिकाण, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुक्यातलं राजूर. वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला एक माणूस जानेवारी २०२१ मध्ये इकडे परतला. अमेरिकेत त्याचा ५० लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण ३७ कोटी रुपयांचा आयुर्विमा होता.

एप्रिल २०२१ मध्ये राजूरच्या पोलिसांना कळवण्यात आलं की हा माणूस सर्पदंशाने गेला. एकाने पुढे येऊन 'मी पुतण्या' म्हणत मृतदेह ओळखला. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते, हॉस्पिटलं भरलेली होती, कुणी फार खोदून विचारलं नाही. कागद झाले आणि क्लेम अमेरिकेत गेला.

फसलं ते इथे. या माणसाने काही वर्षांपूर्वी बायको जिवंत असतानाच तिच्या मृत्यूचा क्लेम करून पाहिला होता, त्यामुळे कंपनी आधीच सावध होती. तिने भारतात तपासनीस पाठवला आणि मग स्थानिक पोलीस कामाला लागले. शेजाऱ्यांना विचारलं तर साप चावल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं, फक्त दारात ॲम्ब्युलन्स पाहिल्याचं आठवत होतं. खेडेगावात कुणाला नाग चावला आणि शेजाऱ्याला कळलं नाही, हे घडणंच अवघड. फोनचे रेकॉर्ड काढले तर 'मृत' माणूस जिवंत निघाला, आणि 'पुतण्या' म्हणून आलेला इसम तोच होता. म्हणजे स्वतःचा म्हणून दाखवलेला मृतदेह त्याने स्वतःच ओळखला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला साथीदारांसह अटक झाली.

मग तो मृतदेह कुणाचा? पोलिसांच्या तपासानुसार, त्याच भागातल्या एका मनोरुग्णाचा, जो त्याच्यासारखाच पन्नाशीचा होता. त्यासाठी सर्पमित्राकडून नाग मिळवला होता.

तिसरी केस ताजी आहे. डिसेंबर २०२५, लातूर जिल्ह्यातलं औसा. पुन्हा जळालेली गाडी, पुन्हा आत मृतदेह. गाडी बँकेच्या वसुलीचं काम करणाऱ्या माणसाची. घराचं कर्ज होतं आणि एक कोटीचा विमा. घरचे रडत होते, पण पोलिसांना समजलं की तो दुसऱ्याच नंबरवरून मैत्रिणीशी चॅट करतोय. सापडला सिंधुदुर्गात. गाडीत जळालेल्या माणसाची चूक एवढीच, त्याने रात्री रस्त्यावर लिफ्ट मागितली होती.

मजूर, मनोरुग्ण, लिफ्ट मागणारा. तिन्ही ठिकाणी निवड अशा माणसाची झाली, ज्याला शोधायला लगेच कुणी येणार नाही असं वाटलं.

पण कंपनी एवढं बघते का?

बघते, आणि पॉलिसी नवी असेल तर जास्तच बघते. मृत्यूचा दाखला देऊन भागत नाही. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत पोलिसांची नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट लागतो. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर विमावाले त्याला 'अर्ली क्लेम' म्हणतात आणि मग त्यांचा माणूस गावात येऊन चौकशी करतो.

इथे रीलमधून पसरलेला एक गैरसमज बघायला हवा. 'तीन वर्षं झाली की कंपनी काहीच करू शकत नाही' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. याचा आधार म्हणजे विमा कायदा १९३८ मधलं कलम ४५. त्यानुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीच्या वैधतेवर प्रश्न काढता येत नाही, म्हणजे 'तुम्ही अर्जात आजार लपवला होता' वगैरे म्हणता येत नाही. पण माणूस मेलाच नसेल तर वैधतेचा प्रश्नच येत नाही. ज्या घटनेचे पैसे द्यायचे, ती घडलेलीच नाही. तिथे क्लेम मागणं म्हणजे फसवणूक, आणि त्यात खून असेल तर जन्मठेप किंवा फाशीपर्यंतची शिक्षा.

दुसरी पळवाट सांगितली जाते ती बेपत्ता होण्याची. सात वर्षं एखाद्याची त्याच्या जवळच्यांना काहीच खबर नसेल तर कायदा त्याला मृत मानू शकतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे १०८ वं कलम आता भारतीय साक्ष अधिनियमात १११ वं आहे. पण हे आपोआप होत नाही, कोर्टात जावं लागतं. शिवाय एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं की या गृहीतकावरून मृत्यू नेमका कधी झाला हे ठरत नाही. मधल्या काळात हप्ते थांबले आणि पॉलिसी बंद पडली तर क्लेमही गेला. म्हणजे पळालेल्याच्या घरच्यांनी सात वर्षं हप्ते भरायचे, कोर्टाची पायरी चढायची आणि त्या सात वर्षांत त्याचा एक फोन येऊ द्यायचा नाही.

असं करून पाहणारा एक जण इंग्लंडमध्ये होता. जॉन डार्विन २००२ मध्ये छोटी होडी घेऊन समुद्रात गेला आणि 'बुडाला'. बायकोने विम्याचे पैसे घेतले, स्वतःच्या दोन मुलांनाही वडील मेले असंच सांगितलं. पाच वर्षांनी तो परत आला आणि स्मृती गेल्याचं सांगू लागला. तेव्हा एका सामान्य बाईने इंटरनेटवर तिघांचे शब्द टाकून शोधलं, जॉन, ॲन, पनामा. दोघांचा हसतानाचा फोटो समोर आला. नवरा-बायको दोघांनाही तुरुंगवास झाला.

मग सेलिब्रिटी असं का करेल?

इथेच फॅन थिअरीचं गणित कोसळतं. वरच्या केसेसमधली माणसं कर्जात होती आणि तालुक्याबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. स्टारचं उलट असतं. त्याचा चेहरा विकला जातो म्हणून त्याला पैसे मिळतात. तोच चेहरा कायमचा लपवायचा आणि बदल्यात विम्याची एकरकमी रक्कम घ्यायची, तीही नॉमिनीच्या खात्यावर, हा धंदा घाट्याचा आहे.

चाहत्यांचा युक्तिवाद मात्र हरत नाही. एल्विसच्या बाबतीत असं सांगितलं जातं की त्याच्या घरच्यांनी विम्याचा क्लेमच केला नाही, कारण तो जिवंत होता आणि केला असता तर फसवणूक ठरली असती. क्लेम केला तर 'पैशासाठी नाटक', नाही केला तर 'बघा, जिवंत आहे'. अशी पैज कुणी हरत नसतं.

मायकल जॅक्सनच्या वेळी विम्याचा वाद खरंच झाला होता. त्याच्या लंडनमधल्या शोसाठी आयोजकांनी घेतलेली पॉलिसी १ कोटी ७५ लाख डॉलरची होती. लॉइड्सच्या विमा कंपन्या कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, त्याच्या तब्येतीची आणि औषधांची माहिती आमच्यापासून लपवली. शेवटी आयोजकांनी क्लेम मागे घेतला. पैसे वाचवायला ज्या कंपन्या कोर्टापर्यंत गेल्या, त्यांनीही 'तो जिवंत आहे' असं म्हटलं नाही.

न सापडलेला एक

तरीही एक जण सापडलेला नाही, हे खरं. केरळचा सुकुमार कुरूप. अबू धाबीत नोकरी करणाऱ्या कुरूपने जानेवारी १९८४ मध्ये मावेलिक्करा भागात आपल्याच गाडीत आपला मृत्यू दाखवला. पोस्टमॉर्टेममध्ये श्वासनलिकेत काजळी मिळाली नाही. माणूस जिवंत असताना जळाला असता तर धूर आत गेला असता, म्हणजे आगीच्या आधीच तो मेलेला होता. तिथून सगळं उलगडलं. साथीदार पकडले गेले, विम्याचे पैसे मिळाले नाहीत, पण कुरूप गेला तो गेलाच. २०२१ मध्ये दुल्कर सलमानचा 'कुरूप' आला आणि तो अमक्या देशात दिसला, तमक्या आश्रमात दिसला, ही चर्चा नव्याने रंगली.

गाडीत जळालेला माणूस एका सिनेमा वितरकाचा प्रतिनिधी होता. थिएटरचं काम संपवून रात्री घरी निघाला होता आणि वाटेत त्याला लिफ्ट मिळाली. त्याची बायको तेव्हा गरोदर होती.