नाव झाकणारे दोन हात



क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की आपल्या तरुण मुलांच्या मोबाइलवर टेलिग्रामवरून 'आजची पक्की टिप' येऊ लागते. कोणत्या संघावर पैसे लावायचे हे सांगणारा कोणी 'किंग' असतो, कोणी 'गुरू'. खरे नाव नाही, गाव नाही. तरी मुले म्हणतात, "त्याचे पाच अंदाज लागोपाठ खरे ठरले!" असा लौकिक कसा तयार करता येतो, ते पाहू.

समजा, एकाने ३२०० जणांना निरोप पाठवला. निम्म्यांना सांगितले की पहिला संघ जिंकेल, निम्म्यांना सांगितले की दुसरा. ज्यांच्या बाबतीत अंदाज चुकला, त्यांना सोडून द्यायचे. उरलेल्या १६०० जणांशी पुन्हा तेच. पाच सामन्यांनंतर १०० माणसे उरतात, आणि त्यांना वाटते की हा माणूस कधी चुकतच नाही. मग तो सहाव्या टिपेचे पैसे मागतो. यासाठी खेळातले काहीही कळावे लागत नाही. सोडून दिलेले ३१०० जण या शंभरांना भेटू नयेत आणि आपले खरे नाव कोणाला कळू नये, एवढे झाले की पुरे. बिंग फुटलेच, तर उद्या नवे टोपणनाव. शिवाय बेटिंगच्या ॲपला गिऱ्हाईक आणून दिल्याची दलाली वेगळी. कधीकधी ही दलाली त्या गिऱ्हाइकाच्या तोट्यातूनच मिळते.

मग नाव झाकणे हेच पाप आहे का? तसे नाही. इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले, हे त्या पत्रात कुठेही सांगितलेले नाही. दानधर्म गुपचूप करावा, अशी तर प्रभू येशूचीच शिकवण आहे. जिवाच्या भीतीने नाव न देता गैरप्रकार उघड करणारेही असतात. फरक हेतूत आहे. गुप्त दान करणाऱ्याला श्रेय नको असते. टिप विकणाऱ्याला हिशेब नको असतो. एकाच्या नाव झाकण्याने दुसऱ्याचे भले होते, दुसऱ्याच्या नाव झाकण्याने कोणाचे तरी घर बुडते. खोटी साक्ष टोपणनावाने दिली, म्हणून ती खरी होत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. पण रोज नाव बदलणाऱ्याला पकडणे कायद्यालाही सोपे नाही. म्हणून राखण घरातच करायला हवी.

आईवडिलांनो, मुलांवर नुसते ओरडू नका. कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासोबत ३२०० चे गणित मांडा. मग तीन प्रश्न विचारा. या माणसाचे खरे नाव काय? त्याच्या चुकलेल्या टिपा कुठे लिहून ठेवल्या आहेत? तुझे पैसे बुडाले, तर त्याचे काय जाते? उत्तर मुलांनाच देऊ द्या.

प्रभू आपल्या लेकरांना विवेक देवो. आमेन.