पुडीतला जीव जिवंत आहे का? जैविक निविष्ठांच्या बाजाराकडे नीट पाहण्याची वेळ

‘गेल्या वर्षी जैविक मारलं, काही फरक पडला नाही.’ ट्रायकोडर्मा, मेटारायझियम किंवा रायझोबियमचा विषय निघाला की चावडीवर हे वाक्य हमखास ऐकू येते. असे बोलणारा शेतकरी खोटे बोलत नाही, त्याचे पैसे खरेच वाया गेलेले असतात. मात्र फरक का पडला नाही, याचा शोध क्वचितच घेतला जातो. बुरशी निरुपयोगी होती, ती पुडीतच मेलेली होती, की जिवंत असूनही चुकीच्या वेळी पडली? ही तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

हा प्रश्न आता महत्त्वाचा आहे, कारण सरकारी धोरणाचा ओढा जैविक निविष्ठांकडे वाढला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून देशभरात १० हजार जैविक निविष्ठा संसाधन केंद्रे उभारायची आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले, की देशात वर्षानुवर्षे सुमारे ३० हजार जैव उत्तेजके (बायोस्टिम्युलंट) तपासणीविना विकली जात होती. गेल्या चार वर्षांतही सुमारे ८ हजार उत्पादने बाजारात होती आणि कडक तपासणीनंतर ती ६५० च्या आसपास उरली. अनुदानित खतासोबत अशी उत्पादने शेतकऱ्याच्या गळ्यात मारण्याचा प्रकार, म्हणजे लिंकिंग, थांबवा, असे पत्रही त्यांनी मुख्यमंत्र्यांना पाठवले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने १२ जैविक कीडनाशकांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. त्यात ट्रायकोडर्मा, सुडोमोनास, बिव्हेरिया, बीटी आणि घाटेअळीचा एनपीव्ही विषाणू आहे. हुमणी आणि मक्यावरील लष्करी अळीसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त शिफारस होणारे मेटारायझियम मात्र या बारा नावांत नाही. ऊस आणि मका पट्ट्यातील लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

म्हणजे पैसा येतो आहे, कर कमी झाला आहे आणि बेकायदा माल काही प्रमाणात हटला आहे. तरीही विकत घेतलेल्या पुडीत काय आहे, हा प्रश्न सुटलेला नाही.

एकच शब्द, तीन कायदे

दुकानात सगळ्यालाच ‘जैविक’ म्हणतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्याचे तीन वेगळे खण आहेत. कीड किंवा रोग मारण्याचा दावा करणारे सूक्ष्मजीव, म्हणजे मेटारायझियम, बिव्हेरिया, ट्रायकोडर्मा, बीटी, एनपीव्ही, हे कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतात. त्यांना केंद्रीय नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक आणि उत्पादन परवाना लागतो. अन्नद्रव्य मिळवून देणारे रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू ही जैविक खते आहेत, त्यांना खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो. जैव उत्तेजके २०२१ मध्ये याच आदेशात आणली गेली. त्यांच्या व्याख्येतच लिहिले आहे, की कीडनाशके आणि वाढ नियंत्रके त्यात मोडत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. लेबलवर ‘जैव उत्तेजक’ किंवा नुसतेच ‘सेंद्रिय टॉनिक’ लिहिलेले असेल आणि विक्रेता तोंडी ‘याने थ्रिप्स, अळी, मर सगळे जाते’ असे सांगत असेल, तर तो दावा कायद्याबाहेरचा आहे. पुडीवर किडीचे नाव असेल, तर कीडनाशकाचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. एवढी एक गोष्ट पाहिली, तरी बराच माल काउंटरवरच परत करता येतो.

एकावर आठ शून्ये

रासायनिक कीटकनाशकात टक्केवारी पाहतात, जैविकात जिवंत बीजाणूंची संख्या. लेबलवर ती ‘१ × १०⁸ सीएफयू प्रति ग्रॅम’ अशी लिहिलेली असते. एकावर आठ शून्ये म्हणजे दर ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत पेशी किंवा बीजाणू. मेटारायझियम आणि बिव्हेरियासाठी ही किमान मर्यादा आहे. ट्रायकोडर्मासाठी ती ग्रॅमला २० लाख आहे. रायझोबियमसारख्या भुकटीतील जैविक खतासाठी ग्रॅमला ५ कोटी, तर द्रवरूप खतासाठी मिलिलिटरला १० कोटी.

आता हिशोब करून पाहा. मक्याच्या एका एकरात २०० लिटर पाण्यात १ किलो मेटारायझियम टाकले, की पोंग्यात आणि पानांवर एकूण १० हजार कोटी बीजाणू पडतात. तीच पुडी कारखान्यातून चांगली निघाली, पण वाटेत मरत मरत ग्रॅमला १० लाखांवर आली, तर एकरी पडतील फक्त १०० कोटी. शंभर पटीने कमी. ही तूट भरायला एकरी १०० किलो टाकावे लागेल. पुडीचा रंग, वास, वजन आणि बिल यांत कुठेच फरक दिसत नाही.

बीजाणू मरतात ते प्रामुख्याने उष्णतेने. कारखान्याने सावलीत आणि थंड जागेत ठेवा, असे छापलेले असते. पण खरिपाचा माल आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये येतो. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो आणि माल पत्र्याच्या गोदामात, मालवाहू टेम्पोत, नाहीतर काचेच्या शोकेसमध्ये उन्हाकडे तोंड करून पडून असतो. अंतिम मुदत डिसेंबरची असली, तरी ती मुदत योग्य साठवणूक गृहीत धरूनच दिलेली असते. दुधाच्या पिशवीला आपण जो नियम लावतो, तो बुरशीच्या पुडीला लावत नाही. खरे तर दोन्हींत जीवच असतो. म्हणून मे महिन्यात स्वस्तात मिळते म्हणून वर्षाचा साठा भरून ठेवू नये. वापरायच्या आठवड्यात, ताज्या उत्पादन तारखेचा माल घ्यावा आणि घरी आणल्यावर तो खताच्या पोत्यावर न ठेवता माठाजवळच्या गार, अंधाऱ्या जागेत ठेवावा.

ट्रायकोडर्माची एक ढोबळ चाचणी घरी करता येते. मीठ न घालता शिजवलेला गार भात उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत घ्या, त्यावर चिमूटभर भुकटी टाका आणि झाकण सैल लावून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत हिरवी बुरशी भरभर पसरली, तर पुडीत जीव आहे. काहीच उगवले नाही किंवा काळी बुरशी, चिकट दुर्गंधी आली, तर शंका घ्यावी. ही चाचणी संख्या सांगत नाही. जिवंत की मेलेले, एवढेच ती सांगते. संख्या फक्त प्रयोगशाळेतच मोजता येते.

हुमणी सप्टेंबरमध्ये दिसते, उपाय जूनमध्ये असतो

पुडी जिवंत असूनही अपयश येते, त्याचे सर्वांत चांगले उदाहरण उसातली हुमणी. वळवाचा पाऊस झाला, की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. मादी जमिनीत अंडी घालते. जून-जुलैमध्ये निघणारी पहिल्या अवस्थेची अळी नाजूक असते आणि बुरशीला लवकर बळी पडते. ऑगस्टनंतर तिसऱ्या अवस्थेतली जाड, ‘सी’ आकाराची अळी मुळ्या कुरतडते. मग ऊस पिवळा पडतो आणि बेट हाताने उपटले जाते. तेव्हा कुठे शेतकरी मेटारायझियम आणायला निघतो. त्या अळीपुढे बुरशीची ताकद फार कमी पडते आणि दोष मात्र बुरशीला मिळतो.

मेटारायझियम ॲनिसोप्ली हेक्टरी २० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना मुळांच्या कक्षेत द्यावे. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीलाच व्हायला हवे. कोरड्या मातीत बीजाणू रुजत नाही. वरवर टाकलेली भुकटी उन्हाने मरते, म्हणून ती मातीआड करावी. आणि एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावरच्या बाभळीवर भुंगेरे बसत असतील, तर पहिल्या पावसानंतर सलग काही संध्याकाळी गावाने मिळून प्रकाश सापळे लावणे आणि फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणे हे निम्मे काम आहे.

मक्यात चित्र थोडे वेगळे आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत, अळी लहान असताना मेटारायझियम ॲनिसोप्ली ५ ग्रॅम किंवा नोमुरिया रिलेयी ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून पोंग्यात जाईल अशी फवारणी संध्याकाळी करावी. दहा दिवसांनी ती पुन्हा करावी. ढगाळ, दमट हवामानात ही बुरशी स्वतःच कामाला लागते. पानाला चिकटलेली, कडक झालेली, अंगावर पांढरट-फिकट हिरवी भुकटी असलेली अळी दिसली, तर ती बुरशीने मेलेली समजावी. शेतात अशा अळ्या बऱ्याच दिसत असतील, तर घाईने रासायनिक फवारणी करू नये. पण पोंग्यात मोठी अळी आणि ओल्या भुशासारखी विष्ठा भरपूर असेल, तर जैविकाची वेळ गेलेली असते. अशा वेळी शिफारशीत कीटकनाशकच वापरावे. हे स्पष्ट न सांगणारा सल्ला शेतकऱ्याचे नुकसान करतो.

एका दिवसात अळी मेली, तर आनंदू नका

बुरशीचा बीजाणू किडीच्या अंगावर पडतो, रुजतो, कातडी भेदून आत वाढतो. त्याला चार ते सात दिवस लागतात. त्यामुळे ‘शंभर टक्के जैविक’ म्हणून घेतलेल्या औषधाने दुसऱ्या सकाळी अळ्यांचा सडा पडला असेल, तर त्यात रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असण्याची शंका रास्त आहे. बाजारातल्या अशा भेसळीत आपलाही वाटा आहे. खरी बुरशी आठवडाभर थांबायला सांगते आणि भेसळ करणारा लगेच निकाल देतो. आपण दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जातो.

भाजीपाला आणि द्राक्ष उत्पादकांना याचा फटका अधिक बसतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली, ते अजून नाशिक-सांगलीचे बागायतदार विसरलेले नाहीत. ते रसायन भेसळीतून आलेले नव्हते. पण जे आपण मारलेच नाही असे वाटते, त्याचे अवशेष अहवालात निघाले तर काय होईल, याची कल्पना त्यावरून येते. काढणीच्या तोंडावर अनोळखी ‘जैविक’ बाटली बागेत जाऊ देऊ नये.

रायझोबियमची परीक्षा मुळांवर

सोयाबीनमध्ये बहुतेक वेळा आपणच जिवाणू मारतो. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या काही तास आधी रायझोबियम, हा क्रम आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक लावून सावलीत सुकवावे. सगळे एकाच बादलीत कालवले, की जिवाणू बुरशीनाशकात बुडतो. ट्रायकोडर्मा लावायचा असेल, तर रासायनिक बुरशीनाशक लावू नये. सोयाबीनचे संवर्धक तुरीला चालत नाही, हेही विकत घेताना पाहावे. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच झाडे मातीसकट हळू उपटून गाठी फोडाव्यात. आतून गुलाबी असतील, तर नत्र मिळतो आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, तर नाही. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

केंद्रे उघडण्याआधी

नव्या संसाधन केंद्रांविषयी कृषी सहायकांनी आतापासूनच आग्रह धरायला हवा. ड्रम, गूळ आणि मूळ संवर्धक दिले म्हणजे बुरशी वाढतेच असे नाही. गुळाच्या पाण्यात कोणताही जीव वाढतो आणि निर्जंतुकीकरण नसेल तर बहुधा नको असलेलाच जिंकतो. त्यापेक्षा १०० किलो कुजलेल्या शेणखतात १ किलो खात्रीचा ट्रायकोडर्मा मिसळून, गोणपाटाखाली ओलसर ठेवून, दहा-पंधरा दिवस अधूनमधून पालटणे ही गावात जमणारी पद्धत आहे. द्रवरूप उत्पादन करायचेच असेल, तर दर खेपेचा नमुना कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे तपासायला जावा आणि त्याचा आकडा केंद्राच्या फळ्यावर लिहिला जावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ‘बायोमिक्स’साठी हळद आणि आले उत्पादक दूरदूरून येतात. स्वस्त म्हणून नव्हे, तर आत काय आहे याची त्यांना खात्री वाटते म्हणून.

नमुना घेणाऱ्या निरीक्षकांसाठीही एक मुद्दा आहे. मेमध्ये गाडीच्या डिकीत चार दिवस फिरलेला जैविक नमुना प्रयोगशाळेत नापास होणारच आणि कंपनी तेच कारण पुढे करून सुटणार. नमुना थंड पेटीतून पाठवला आणि दुकानातले साठवणुकीचे तापमान पंचनाम्यात नोंदवले, तर दोष कारखान्याचा की गोदामाचा, हे ठरवता येईल.

शेतकऱ्याने एवढे करावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. पुडीतले थोडे साहित्य बांधून गार जागेत ठेवावे. शंका आली, तर दहाव्या दिवशी नव्हे, त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. त्याच बॅचचा सीलबंद माल तोपर्यंत दुकानात शिल्लक असतो आणि तपासणीसाठी नमुना त्यातूनच घेता येतो.