नायडूंना उशीर झाला का?

महाराज तुकोजीराव होळकरांनी क्रिकेटपटू सी. के. नायडूंना इंदुरात आणले, त्याला शतक उलटले. तरी जुना वाद संपत नाही: भारताला कसोटीचा दर्जा आधी मिळाला असता, तर नायडू अधिक खुलले असते का? बहुतेक जण बेधडक ‘हो’ म्हणतात. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसी या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार. पहिली कसोटी मात्र १९३२ ची, लॉर्ड्सवर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. सात कसोटींत सरासरी पंचविशीचीच.

मला मात्र वयाला दोष देणे पटत नाही. त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी, ८१, चाळिशीत आली. ओव्हलवर, अंगावर चेंडूचा मार सोसून, शेवटच्या डावात. पन्नाशीनंतर रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० केल्या. रणजीची गोलंदाजी इंग्लंडच्या तोडीची नव्हती, हा आक्षेप रास्त आहे; पण दिवसभर उभे राहणारे पाय आणि चेंडू हेरणारी नजर गोलंदाज देत नाही. तारुण्य वाया जाणे वेगळे: मुष्टियोद्धा मुहम्मद अलीची ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे बंदीने खाल्ली. तिथे हळहळ योग्यच. नायडूंचे खेळणे मात्र कधी थांबलेच नाही. त्यांना तारुण्य नव्हे, कसोट्या कमी पडल्या.